विजेचा पुरवठादार निवडण्याचा अधिकार : लाभ आणि जबाबदारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या, वसतिगृह अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत आणि ते योग्यच आहे. त्या मालिकेत विजेचा विषय ऐकून काही मंडळींस नवल वाटले असेल. परंतु दर महिन्यास आपल्या प्रत्येक घरी जे मोजके कागद येतात, त्यांत विजेचे बिल हा असा कागद आहे की, जो भरला सर्वत्र जातो, वाचला मात्र क्वचितच जातो. शेवटचा आकडा पाहावयाचा, थोडेसे कुरकुरावयाचे आणि पैसे भरून मोकळे व्हावयाचे, ही आपली रीत. किराणा कोणत्या दुकानातून आणावा, दूध कोणाचे लावावे, मुलास कोणत्या शाळेत घालावे, हे आपण चार ठिकाणी चौकशी करून ठरवितो. विजेच्या बाबतीत मात्र जो देईल त्याचे मुकाट्याने घ्यावयाचे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरून चाललो आहोत.

हे गृहीत आता सर्वत्र खरे राहिलेले नाही. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांस 2009 सालापासून विजेचा पुरवठादार बदलण्याची मुभा आहे. हा अधिकार कोठून आला, त्याने काय साधते व काय साधत नाही, आणि तो वापरताना कोणती जबाबदारी आपल्यावर येते, एवढेच आज आपल्यापुढे मांडावे असा आमचा मानस आहे.

प्रथम हे पाहू की, विजेचा व्यापार एकाच हाती का राहिला. कापडाचा गठ्ठा कोणत्याही वाटेने बाजारात नेता येतो. वीज मात्र तारेवाचून हलत नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांनी दोन वेगळे खांब आणि दोन वेगळ्या तारा उभारावयाच्या, तर खर्च दुप्पट होतो, आणि तो शेवटी ग्राहकाच्याच माथी बसतो. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी एका भागास एकच वीजकंपनी ही प्रथा पडली. आपल्याकडे 1910 च्या विद्युत अधिनियमाने एकाच भागात दुसऱ्यास परवाना देण्यास बंदी केलेली नव्हती. तरी व्यवहारात एका भागास एक मालक हीच स्थिती राहिली.

मुंबईचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. बेस्ट या नावाने आपण जिला ओळखतो ती कंपनी 1905 साली स्थापन झाली व 1947 साली मुंबई महानगरपालिकेने ती आपल्या ताब्यात घेतली. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून वीज करावयाची, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात फळास आली. 1911 साली लोणावळ्यास कोनशिला बसली आणि 1915 साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईस वीज येऊ लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही वीजगृहे झाली. उपनगरांसाठी 1929 साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. ढोबळ मानाने वाटणी अशी झाली की, टाटांनी वीज निर्माण करून घाऊक विकावी व मोठमोठ्या कारखान्यांस आणि रेल्वेस द्यावी. शहरातील घरोघरी बेस्टने आणि उपनगरांतील घरोघरी सबर्बन कंपनीने ती पोचवावी. उर्वरित महाराष्ट्रात 1948 च्या कायद्यान्वये पुढे वीज मंडळ आले. 1960 मध्ये राज्य झाले त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. कोयनेची वीज 1962 मध्ये वाहू लागली, आणि खेडोपाडी दिवा नेण्याचे जे प्रचंड कार्य या मंडळाने केले, ते कोणत्याही नफेखोर कंपनीने केले नसते, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे.

तथापि एकाधिकारात एक दोष उपजतच असतो. ज्यास गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही, त्यास गिऱ्हाइकाचे ऐकण्याची निकड राहत नाही. गळती वाढते, चोरी वाढते, तोटा वाढतो, आणि त्याची भरपाई प्रामाणिकपणे बिल भरणारा करतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती होते. यावर उपाय म्हणून 1991 नंतर वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांस खुली झाली. परंतु निर्मिती खुली झाली, निवड मात्र खुली झाली नाही. याचा परिणाम दाभोळ येथे आपण पाहिला. एन्रॉन कंपनीच्या त्या प्रकल्पाचा करार 1993 साली झाला तो स्पर्धेच्या निविदा न मागविताच. वीज उचलली अथवा न उचलली तरी ठरलेला आकार मंडळाने द्यावयाचा, अशी त्यातील अट होती. 1999 साली वीज सुरू झाली आणि 2001 साली मंडळास ती परवडेनाशी होऊन खरेदी थांबवावी लागली. त्या कराराचे आकडे सामान्य माणसास समजतील अशा रीतीने पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने लोकांपुढे मांडले होते. विकणाऱ्यास मोकळीक दिली आणि घेणाऱ्यास मात्र बांधून ठेवले, तर ती सुधारणा नव्हे, हा धडा महाराष्ट्र त्यातून शिकला.

यानंतर आला तो 2003 चा विद्युत अधिनियम. आमच्या मते सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तीन अंगे निरनिराळी मानली गेली. तदनुसार 2005 साली आपल्या राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. दुसरी ही की, एकाच भागात एकाहून अधिक वितरण परवाने देता येतील असे स्पष्ट केले गेले. आणि तिसरी ही की, मोठ्या ग्राहकास तारांच्या मालकाकडूनच वीज घेण्याची सक्ती राहिली नाही. तारांचे भाडे देऊन अन्यत्र वीज विकत घेण्याची सोय झाली. यालाच मुक्त प्रवेश म्हणतात. या सर्वांवर दर ठरविणारा व तंटे सोडविणारा पंच म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तो 1999 सालीच स्थापन झालेला होता.

आता मुंबईकडे वळू. टाटांचे परवाने 1907 पासूनचे. त्या परवान्यांनुसार घरगुती ग्राहकास सरळ वीज देता येते की केवळ घाऊक विकता येते, असा वाद निघाला. उपनगरांतील कंपनी तोवर रिलायन्सकडे गेली होती. आयोग, अपील न्यायाधिकरण अशा पायऱ्या चढत तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 8 जुलै 2008 रोजी न्यायालयाने निकाल दिला की, टाटांस किरकोळ ग्राहकासही वीज देण्याचा अधिकार आहे. अधिकार मिळाला, पण घरोघरी तारा कोठे होत्या? तारा तर दुसऱ्याच्या. तेव्हा 15 ऑक्टोबर 2009 रोजी आयोगाने असा मार्ग काढला की, तारा जुन्या कंपनीच्या राहाव्यात, त्यांतून वीज नव्या कंपनीची घ्यावी आणि तारांच्या मालकास ठरलेला वहन आकार द्यावा. यासच व्यवहारात 'चेंजओव्हर' म्हणतात. पुढे काही लाख ग्राहकांनी या सोयीचा लाभ घेतला. ऑगस्ट 2018 मध्ये उपनगरांतील तो व्यवसाय रिलायन्सकडून अदानींकडे गेला. ग्राहकाचा अधिकार मात्र कायम राहिला.

येथे एक स्वाभाविक शंका येते, आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. तार एकच, तर तिच्यातून येणारी वीज टाटांची की अदानींची, हे दिव्यास कसे कळावे? उत्तर असे की, दिव्यास ते कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. आपल्या गावाकडचा पाट डोळ्यांपुढे आणावा. दोन विहिरींचे पाणी एकाच पाटात सोडले आहे. पाटावरील शेतकऱ्यांपैकी काहींनी पहिल्या विहीरवाल्याशी करार केला आहे, काहींनी दुसऱ्याशी. शेतात येणारे पाणी कोणत्या विहिरीचे, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु पहिल्या विहीरवाल्याने आपल्या शेतकऱ्यांनी जेवढे पाणी घेतले तेवढे पाटात सोडले की नाही, याचा हिशेब मात्र ठेवता येतो. पाट दुरुस्त ठेवणाऱ्यास त्याची वेगळी मजुरी मिळते. विजेचेही असेच आहे. कोणी किती वीज तारांत सोडली आणि कोणाच्या ग्राहकांनी किती घेतली, याचा ताळमेळ घालावयाचा असतो. आणि क्षणोक्षणी निर्मिती व मागणी सारखी ठेवण्याचे पाटकऱ्याचे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते. तात्पर्य, पुरवठादार बदलला म्हणजे वीज बदलत नाही, हिशेब बदलतो.

हे नीट ध्यानात घेतले म्हणजे निवडीपासून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, हे आपोआप स्पष्ट होते. दर बदलू शकतो, कारण प्रत्येक पुरवठादाराने वीज निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या करारांनी घेतलेली असते. एकाजवळ जुने जलविद्युतगृह असते, दुसऱ्याजवळ कोळशावरचे केंद्र, तिसरा सूर्य व वारा यांपासूनची वीज घेतो. बिलाची व तक्रारीची व्यवस्था बदलू शकते. परंतु चेंजओव्हरमध्ये तारांचा मालक तोच राहत असल्याने खांब पडला, केबल जळली, तर दुरुस्ती त्याच मालकाची माणसे करणार. शेजाऱ्याचा दिवा गेला आणि माझा राहिला, असे होणार नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पारेषणात बिघाड होऊन मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज एकदम गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा टाटांचा ग्राहक, अदानींचा ग्राहक आणि बेस्टचा ग्राहक, सारे एकाच अंधारात होते. खाजगी निवडीच्या मुळाशी एक सार्वजनिक व्यवस्था असते आणि ती दुबळी झाली तर निवडीस अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट. हा अधिकार सर्वांस सारखा नाही. एकाच कुटुंबातील थोरला भाऊ गोरेगावास, धाकटा मुलुंडला, बहीण दादरला आणि आईवडील साताऱ्यास असे उदाहरण आपल्याकडे विपुल आहे. गोरेगावच्या भावास दोन पुरवठादारांतून निवड आहे. मुलुंड व भांडुप महावितरणच्या क्षेत्रात येत असल्याने धाकट्यास ती नाही. दादरच्या बहिणीची वीज बेस्टची. बेस्ट ही स्थानिक संस्थेची असल्याने तिच्या तारा दुसऱ्यास वापरू देण्याचे बंधन कायद्याने तिच्यावर घातलेले नाही; 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, टाटांस तेथेही वीज देता येईल, परंतु ती स्वतःच्या तारा टाकून. म्हणजे जेथे त्यांच्या तारा पोचल्या तेथेच खरी निवड. साताऱ्याच्या आईवडिलांस महावितरण हीच एक वाट. तेव्हा कोणी नातेवाइकाने संमेलनात सांगितले की आम्ही कंपनी बदलली, तर आपणही बदलू असे ठरवून मोकळे होऊ नये. आपण कोणत्या क्षेत्रात राहतो हे प्रथम पाहावे.

परदेशांतही हा प्रयोग झाला आहे. ब्रिटनमध्ये 1990 साली वीजव्यवसाय खाजगी झाला आणि 1998 व 1999 या वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रत्येक घरास पुरवठादार निवडण्याचा अधिकार मिळाला. अनेक लहान कंपन्या निघाल्या, स्वस्त दर देऊ लागल्या. परंतु 2021 च्या उत्तरार्धात इंधनवायूचे भाव भडकले तेव्हा ज्यांनी पुढील खरेदीची तरतूद केलेली नव्हती अशा पंचवीसहून अधिक कंपन्या बुडाल्या. तेथील नियामकाने त्यांचे ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपविले, म्हणून कोणाच्या घरी अंधार पडला नाही. खर्च मात्र सर्व ग्राहकांवर पडला.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात आपली अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे ह्यूस्टन व डॅलस येथे स्थायिक आहेत. त्या राज्याच्या बहुतेक भागात 2002 पासून ग्राहक आपला पुरवठादार निवडतो. तेथील काही ग्राहकांनी असा करार घेतला होता की, घाऊक बाजारात ज्या क्षणी जो भाव असेल तोच आपण द्यावयाचा. एरवी तो स्वस्त पडे. फेब्रुवारी 2021 मध्ये भयंकर थंडी व बर्फ पडले, वीजगृहे बंद पडली, घाऊक भाव प्रतियुनिट 9 डॉलरच्या कमाल मर्यादेस जाऊन भिडला आणि त्या लोकांस काही दिवसांच्या विजेसाठी हजारो डॉलरांची बिले आली. ज्यांनी ठरावीक दराचा करार केला होता, त्यांच्या दरास त्या आठवड्यात धक्का लागला नाही. स्वातंत्र्य दोघांसही सारखेच होते. कागद वाचणे आणि न वाचणे, एवढाच भेद होता.

आता आम्ही आजच्या भाषणाच्या गाभ्याशी येतो. निवडीचा लाभ कोणास होतो, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ज्यास निवड करता येत नाही त्याचे काय होते, हाही महत्त्वाचा आहे. आपल्या देशात विजेचे दर असे बांधलेले आहेत की, मोठा कारखाना, मोठे दुकान, अधिक युनिटे वापरणारे घर यांनी थोडे अधिक द्यावे आणि शेतकऱ्यास व अल्प वापर करणाऱ्या घरास त्यातून स्वस्त वीज मिळावी. यास क्रॉस सबसिडी म्हणतात. एका वाड्यातील विहिरीचे उदाहरण घ्या. समजा, वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत व विहिरीच्या देखभालीस महिना 1000 रुपये लागतात. त्यांतील दोन सधन बिऱ्हाडे प्रत्येकी 300 रुपये देतात, उरलेली आठ प्रत्येकी 50 देतात; हिशेब जुळतो. आता त्या दोघांनी दुसरीकडून पाणी आणावयाचे ठरविले, तर खर्च 1000 चा 1000 राहतो आणि आठ बिऱ्हाडांवर प्रत्येकी 125 रुपये येतात. जाणारे वाईट नव्हेत. त्यांनी आपला फायदा पाहिला एवढेच. परंतु राहिलेल्यांचा भार अडीचपट झाला, हेही खरे.

मुंबईत हाच प्रश्न उभा राहिला. अधिक वीज वापरणारे ग्राहक निघून जातात आणि लहान ग्राहक मागे राहतात, अशी तक्रार आयोगापुढे आली. 2012 साली आयोगाने काही काळापुरते असे बंधन घातले की, महिना 300 युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांनाच टाटांनी चेंजओव्हरने घ्यावे. म्हणजे निवडीचा लाभ आधी लहानांस पोचावा. ते बंधन कायमचे नव्हते. पण त्यामागील न्यायबुद्धी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचप्रमाणे, जाणाऱ्याने काही भार मागे राहणाऱ्यांसाठी द्यावा म्हणून कायद्यात अधिभाराची तरतूद आहे. आपल्या व्यापारी व कारखानदार बंधूंस हा अधिभार अन्यायाचा वाटतो, हे आम्ही जाणतो. तो अवाच्या सवा असू नये, हे त्यांचे म्हणणेही रास्त आहे. आणि कायद्याचाही रोख तो क्रमाने कमी व्हावा असाच आहे. परंतु तो मुळीच नसावा, असे म्हणणाऱ्याने वाड्यातील त्या आठ बिऱ्हाडांचा हिशेब प्रथम करून दाखवावा.

आपल्या ज्ञातीतही दोन्ही प्रकारची कुटुंबे आहेत. ज्यांचे कारखाने आहेत, त्यांस 1 मेगावॅट व त्याहून अधिक मागणीसाठी मुक्त प्रवेश पूर्वीच मिळालेला आहे. सूर्य, वारा इत्यादींपासूनच्या विजेपुरती ही मर्यादा केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमांनी 100 किलोवॅटपर्यंत खाली आणली आहे. आणि ज्यांचे महिन्याचे युनिट शंभराच्या आत आहेत, अशा एकट्या राहणाऱ्या वृद्धा, चाळीतील बिऱ्हाडे, गावाकडील शेतकरी हेही आपलेच. एकाची सवलत दुसऱ्याच्या बिलात कशी उमटते, हे ज्या सभेत दोघेही शेजारीशेजारी बसतात, त्या सभेने अवश्य समजून घेतले पाहिजे. ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन दुसरे काय?

हा विषय जुना होऊन गेलेला नाही. एका भागात एकाच तारांच्या जाळ्यावरून अनेक पुरवठादारांनी वीज द्यावी, अशी तरतूद असलेले विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संसदीय समितीकडे गेले आणि 2024 साली ती लोकसभा संपली तेव्हा व्यपगत झाले. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने विद्युत कायद्याच्या दुरुस्तीचा नवा मसुदा लोकांच्या मतांसाठी पुन्हा प्रसिद्ध केला. म्हणजे आज जो प्रश्न गोरेगाव आणि बोरिवलीचा आहे, तो उद्या पुण्याचा, नाशिकचा व साताऱ्याचा होऊ शकेल. तो दारी येईल तेव्हा आपण तयार असावे.

तयारी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगून आम्ही आवरते घेतो.

पहिली गोष्ट, बिल वाचावयास शिकावे. त्यात स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन आकार वेगळा आणि सरकारचे वीज शुल्क वेगळे असते. यांतील पुरवठादार बदलल्याने काय बदलेल आणि काय तसेच राहील, हे वेगळे करून पाहिल्यावाचून तुलना होत नाही.

दुसरी गोष्ट, तुलना आपल्या वापराच्या टप्प्याप्रमाणे करावी. घरगुती दर 100 युनिटांपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा आणि त्यावर चौथा असे चढत जातात. शंभर युनिटे वापरणाऱ्यास जो स्वस्त, तो पाचशे वापरणाऱ्यास स्वस्त असेलच असे नाही. एका महिन्याच्या बिलावरून ठरवू नये. उन्हाळा व पावसाळा धरून वर्षाची बिले समोर ठेवावीत. शिवाय दर आयोगाच्या आदेशाने बदलत असतात. मुंबईत प्रारंभी जे टाटांकडे गेले, त्यांतील पुष्कळजण पुढे दरांचे पारडे फिरल्यावर परतही आले. एकदा बदलले म्हणजे जन्माचे कल्याण झाले, अशी ही गोष्ट नव्हे. पी हळद आणि हो गोरी, असे येथे होत नाही.

तिसरी गोष्ट, बदलण्यापूर्वी मागील थकबाकी फेडावी, अर्ज स्वतः वाचून सही करावी आणि मीटरवरील आकडा बदलाच्या दिवशी लिहून ठेवावा. दारावर येऊन घाई करणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून कोठेही सही करू नये.

चौथी गोष्ट, तक्रार योग्य जागी करावी. प्रत्येक वितरण कंपनीस ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच ठेवणे कायद्याने भाग आहे. तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. आणि दर ठरण्यापूर्वी आयोग जेव्हा जनतेच्या सूचना व हरकती मागवितो, तेव्हा लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकास असतो. मोठ्या कंपन्या तेथे वकील पाठवितात. सामान्य ग्राहकाची खुर्ची मात्र बहुधा रिकामी असते. पुरवठादार निवडण्याचा अधिकार सर्वांस नाही. हरकत घेण्याचा अधिकार गोरेगावच्या भावास आहे तसाच साताऱ्याच्या आईवडिलांसही आहे. आमच्या दृष्टीने या दोहोंत दुसरा अधिकार अधिक मोलाचा होय.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या ज्ञातीत विद्युत अभियंते आहेत, हिशेबतपासनीस आहेत, वकील आहेत. प्रत्येक शाखेने त्यांतील दोन-तीन तरुणांची एक लहानशी समिती करावी. महिन्यातील एका रविवारी त्यांनी शाखेच्या जागेत बसावे. ज्ञातीतील वृद्धांनी, विधवा भगिनींनी, ज्यांस आकडेमोड जमत नाही अशांनी आपली वर्षाची बिले घेऊन यावे आणि समितीने त्यांस समजावून द्यावे की बदलणे हिताचे की राहणे हिताचे. दराचा प्रस्ताव आयोगापुढे येईल तेव्हा मंडळाच्या नावाने एक विचारपूर्वक हरकतपत्र जावे, आणि त्यात कारखानदाराची अडचण आणि शंभर युनिटे वापरणाऱ्या घराची अडचण, दोन्ही एकाच कागदावर मांडल्या जाव्यात. यास मोठा निधी लागत नाही; थोडा वेळ आणि थोडी आपुलकी लागते. शिष्यवृत्तीने एक मुलगा शिकतो. अशा समितीने आपले प्रत्येक घर आपल्या पैशाचा हिशेब विचारावयास शिकेल.

आमच्या आजोबांच्या पिढीने विजेचा दिवा घरात आला याचेच कौतुक केले. वडिलांच्या पिढीने तो टिकावा म्हणून भारनियमन सोसले. आपल्या पिढीस तो कोणाकडून घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार मिळू लागला आहे. तो डोळे उघडे ठेवून वापरावा, आणि वापरताना ज्यास तो मिळालेला नाही त्याचे स्मरण ठेवावे, इतकेच मागणे आहे.